काटा गडला पायात, दुखलं कुठे?

चैत्राची पहाट. अजून पुरतं उजाडलेलं नाही. गडचिरोलीतल्या एखाद्या गावातून आजीच्या मागोमाग तुम्ही मोहफुलं वेचायला निघता. हातात टोपली, पुढे आजीची झपाझप पावलं आणि वाऱ्यावर तो गोडसर, किंचित आंबूस वास. रात्रभर टपटप गळलेली फुलं झाडाखाली पिवळसर मोत्यांसारखी पसरलेली असतात. ऊन चढायच्या आत ती वेचायची असतात. बांधीच्या धुऱ्यावर तुमच्या चपलेचा अंगठा तुटतो. तुम्ही चप्पल हातात घेता, अनवाणी धावत सुटता आणि…

खच्च!

बाभळीचा काटा. पांढरा, सरळ, बोटभर लांब.

पुढचं सगळं तुम्हाला पाठ आहे. पाय झटकन वर जातो. तोंडातून ‘आई गं!’ निघतं. डोळ्यांत पाणी येतं. लंगडत लंगडत तुम्ही धुऱ्यावर बसता, तळवा मांडीवर घेता आणि काट्याच्या आजूबाजूला चोळू लागता. आजी मागे वळते. “थांब बाळा, हालू नको,” म्हणते. दुसऱ्या काट्यानं पायातला काटा अलगद काढते आणि वर एक फुंकर घालते. पाच मिनिटांनी तुम्ही मोहाखाली हजर!

गोष्ट एवढीशीच. पण त्या पाच मिनिटांत तुमच्या अंगात केवढी धावपळ होऊन गेली, माहीत आहे? चला, आज आपण त्या काट्याच्या निरोपाबरोबर पायापासून डोक्यापर्यंत जाऊ आणि परत खाली येऊ. वाटेत अस्वल भेटेल, मिरची लागेल, मण्यार दिसेल. शेवटी आपण चंद्रपूर जिल्ह्यातल्या अशा एका जागी पोचू, जिथे काटा रुतल्याचं कळतच नाही अशी अनेक माणसं राहायला आली.

आधी पाय, मग ‘आई गं’

सांगा बरं, आधी काय झालं? दुखलं म्हणून तुम्ही पाय उचललात?

नाही! पाय आधी उचलला गेला. दुखलं नंतर.

तळव्याच्या कातडीत चेतातंतूंची बारीक बारीक टोकं असतात. काटा आत शिरला की ती टोकं जागी होतात आणि विजेचा निरोप सोडतात. निरोप पोटरीतून, मांडीतून वर चढतो आणि पाठीच्या कण्यात शिरतो. कण्याच्या मणक्यांमधून मेरुरज्जू जातो. मोठ्या माणसाचा मेरुरज्जू करंगळीएवढा जाड आणि सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो.

आता गंमत बघा. गावात गवताच्या गंजीला आग लागली, तर तालुक्याहून हुकूम यायची वाट कोणी बघत बसतं का? जवळचे लोक बादल्या घेऊन धावतात. तालुक्याला कळवायचं काम मागाहून होतं. मेरुरज्जू तसंच करतो. मेंदूला कळायच्या आधीच तो पायाच्या स्नायूंना सांगतो, ‘उचला!’ हे सगळं साधारण एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उरकतं. यालाच प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

पण एक पाय असा अचानक उचलला, तर तुम्ही धपकन पडायला हवं होतं. पडला नाहीत. का? कारण मेरुरज्जूनं त्याच वेळी दुसऱ्या पायालाही हुकूम दिला, ‘ताठ हो, सगळा भार घे!’ शिवाय उचललेल्या पायात मांडीच्या मागचे स्नायू आवळताना पुढच्या स्नायूंना सांगितलं, ‘तुम्ही जरा सैल पडा, ओढाताण नको.’ म्हणजे एका काट्यासाठी दोन्ही पायांच्या कितीतरी स्नायूंना एकाच क्षणी वेगवेगळे हुकूम गेले आणि तुम्हाला पत्ताही नाही. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं ही सगळी जुळणी वर्षानुवर्षं तपासली, १९०६ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि १९३२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

तीन निरोप, तीन वेग

तळव्यातून एकच निरोप निघाला असं वाटतं ना? निघाले तीन. तिघांच्या वाटा वेगळ्या आणि वेगही वेगळे.

पहिला निरोप स्पर्शाचा: ‘पायाला काहीतरी लागलं.’ त्याचा तंतू जाड असतो आणि विजेच्या तारेवर प्लॅस्टिक असतं तसं त्याच्यावर चरबीचं वेष्टन असतं. हा निरोप सेकंदाला ५० मीटर किंवा त्याहून जास्त वेगानं पळतो. म्हणजे ताशी १८० किलोमीटर! एखाद्या भरधाव आगगाडीसारखा.

दुसरा निरोप बोचल्याचा: ‘खच्च!’ याचा तंतू बारीक आणि वेष्टन पातळ. सेकंदाला १५ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. आपल्या एस.टी.च्या लालपरीएवढा.

तिसरा निरोप ठणक्याचा आणि जळजळीचा. याचे तंतू सगळ्यांत बारीक, त्यांना वेष्टनच नसतं. हा सेकंदाला जेमतेम एक मीटर सरकतो. आजोबा सकाळी रमतगमत पाणंदीनं चालतात ना, तेवढाच वेग.

म्हणूनच पायाचं बोट उंबऱ्यावर आपटलं की आधी टोकदार कळ येते आणि एखाद्या सेकंदानं तो खोल, रेंगाळणारा ठणका येतो. पुढच्या वेळी ठेच लागली, तर रडता रडता एवढं मात्र ध्यानात ठेवा: लालपरी आधी येते, आजोबा मागून येतात!

फाटक पडलं, थांबा!

आता आठवा, काटा लागल्यावर तुम्ही पाय चोळलात. कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. ठेच लागली, डोकं आपटलं, दार बोटावर बसलं, तरी जगातलं प्रत्येक मूल तिथे हात नेऊन चोळतं. चोळल्यानं खरंच बरं वाटतं का?

खरंच वाटतं. त्याचं कारण मेरुरज्जूत आहे.

वडसा, नागभीड, मूल या भागातून रेल्वेचा रस्ता जातो. तिथलं फाटक बघितलं असेल. भरधाव गाडी येणार असली की फाटक पडतं आणि पायी चालणाऱ्यांना थांबावं लागतं. मेरुरज्जूच्या दाराशी असंच एक फाटक आहे. तुम्ही चोळता तेव्हा स्पर्शाच्या आगगाड्या धडाधड येऊ लागतात. त्या आल्या की मेरुरज्जूतल्या काही छोट्या चेतापेशी फाटक खाली ओढतात आणि ठणक्याचे आजोबा अलीकडेच थांबतात. सगळेच थांबतात असं नाही, पण वर जाणारी गर्दी कमी होते.

कॅनडाचे रोनाल्ड मेल्झॅक आणि इंग्लंडचे पॅट्रिक वॉल यांनी ही फाटकाची कल्पना १९६५ मध्ये मांडली. नंतरच्या शास्त्रज्ञांनी तिच्यात बऱ्याच दुरुस्त्या केल्या. पण दुखण्याचा निरोप जसाच्या तसा मेंदूपर्यंत जात नाही, वाटेतच तो कमी-जास्त केला जातो, हे म्हणणं पक्कं ठरलं.

अस्वल आलं तर?

आता गोष्टीत थोडा बदल करू. काटा रुतला, तुम्ही ‘आई…’ म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात समोरच्या मोहाखाली काळंभोर काहीतरी हाललं. अस्वल! मोहफुलं त्यालाही फार आवडतात. म्हणूनच या दिवसांत आपल्याकडची माणसं एकेकटी जंगलात जात नाहीत, बोलत, आवाज करत, घोळक्यानं जातात.

आजी तुमचा हात धरते आणि तुम्ही दोघं गावाकडे सुटता. काटा पायातच आहे. त्याच पायावर तुम्ही धावता आहात. दुखतंय का? नाही! घराच्या अंगणात पोचून दम खाल्ल्यावर एकदम कळ येते. तेव्हा खाली बघता, तर तळवा रक्तानं भरलेला.

काटा तोच, पाय तोच. मग मघाशी दुखणं कुठे गेलं होतं?

डेव्हिड लिव्हिंग्स्टन नावाचा एक प्रवासी आफ्रिकेत फिरत होता. १८४४ मध्ये एका सिंहानं त्याचा खांदा जबड्यात धरून त्याला गदागदा हलवलं. हाड मोडलं. तो वाचला आणि पुढे त्यानं लिहून ठेवलं की त्या वेळी सगळं स्वप्नात असल्यासारखं वाटत होतं, वेदना जाणवतच नव्हती.

हे घडतं कसं? मेंदूतून मेरुरज्जूकडे उतरणाराही एक रस्ता आहे. मेंदूच्या मधल्या भागात चेतापेशींचा एक लहानसा पुंजका असतो. जिवावर बेतलं की तिथून खाली हुकूम सुटतो, ‘फाटक बंद! आत्ता पळणं महत्त्वाचं, पायाचं नंतर बघू.’ मग मेरुरज्जूत अशी रसायनं झिरपतात, जी दुखण्याचा निरोप दाराशीच अडवतात. अफूपासून काढलेलं मॉर्फिन हे औषध जसं काम करतं, तसंच या रसायनांचं काम. फरक एवढाच, की ती आपलं शरीर स्वतः बनवतं. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन इथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना अशी रसायनं डुकराच्या मेंदूत सापडली. आपल्या अंगातच एक औषधांचं दुकान आहे म्हणा ना!

त्या दुकानाचं कुलूप उघडायला दरवेळी अस्वलच लागतं असं नाही. आजीची फुंकर आठवते? फुंकरीनं काटा निघत नाही, जखमही भरत नाही. तरी बरं वाटतं. १९७८ मध्ये अमेरिकेत दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. काहींना औषध म्हणून नुसतंच निरुपयोगी पाणी टोचलं. तरीही त्यांच्यातल्या कितीतरी जणांचं दुखणं कमी झालं! मग त्यांना अंगातल्या त्या मॉर्फिनसारख्या रसायनांना रोखणारं दुसरं औषध दिलं, तर दुखणं परत आलं. याचा अर्थ काय? ‘आता बरं वाटेल’ या विश्वासानं त्यांच्या अंगातलं दुकान खरोखर उघडलं होतं. फुंकरीबरोबर आजीचा मऊ हात असतो, तिचा शब्द असतो, ‘आजी आहे ना’ हा भरवसा असतो. हे सगळं मिळून तुमच्या मेरुरज्जूपर्यंत पोचतं.

मेंदू प्रतिक्षिप्त क्रियेलाही लगाम घालतो. चुलीवरून उतरवलेला वरणाचा गंज तुम्ही उचललात आणि चटका बसला. हात सोडायला बघतो. पण शेजारी धाकटी बहीण बसलेली आहे. तुम्ही दात-ओठ खात दोन पावलं जाता, गंज नीट खाली ठेवता आणि मगच हात झटकता. मेरुरज्जू म्हणत होता ‘सोड!’, मेंदू म्हणाला ‘थांब, बाळ आहे.’ आणि मेंदूचं चाललं.

डोक्यातली ग्रामसभा

धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव तुम्हाला माहीत असेल. तिथे गावाचा कुठलाही निर्णय एकटा माणूस घेत नाही. सगळे जमतात, सगळ्यांचं ऐकतात आणि सगळ्यांचं एकमत झालं की ठराव होतो.

दुखण्याचंही असंच आहे. मेंदूत ‘दुखण्याची खोली’ अशी एकच जागा शास्त्रज्ञांना सापडलेली नाही. पायाचा निरोप वर पोचला की मेंदूचे कितीतरी भाग एकत्र बसतात. एक म्हणतो, कुठे लागलंय? दुसरा म्हणतो, किती जोरात? आठवण सांगते, मागच्या वेळी असाच काटा पिकला होता. डोळे सांगतात, रक्त येतंय. कान सांगतात, पाला खसखसतोय. भीती आपलं म्हणणं मांडते, आजीवरचा विश्वास आपलं मांडतो. मग ठराव होतो: इतकं दुखू द्या. पायानं पाठवला तो फक्त अर्ज. दुखणं म्हणजे त्यावर झालेला ठराव!

म्हणूनच एकाच काट्याचं दुखणं कधी थोडं, कधी जास्त. खेळताना गुडघा फुटल्याचं कळत नाही, पण सुई टोचायच्या आधीच दंड दुखायला लागतो. २०१२ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या शास्त्रज्ञांनी लोकांच्या हाताला चटका देत देत त्यांना डोकं खाजवायला लावणारं काम दिलं. काम जितकं अवघड, तितका चटका कमी जाणवला. आणि लक्ष दुसरीकडे गुंतलं की मेरुरज्जूतली हालचालसुद्धा मंदावते, हे त्यांना यंत्रात दिसलं.

मिरची आणि पोपट

ठराव दुखणं वाढवण्याचाही होतो बरं का.

दरवर्षी थंडी सरता सरता चंद्रपूर-गडचिरोलीतली कितीतरी माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. दिवसभर मिरची तोडली की रात्री हात भाजल्यासारखे जळतात. पण हात भाजलेले नसतात! मग हे होतं तरी काय?

उष्णता ओळखणाऱ्या आपल्या चेतातंतूंवर एक सूक्ष्म दार असतं. सुमारे ४३ अंशांच्या वर तापमान गेलं की ते उघडतं आणि ‘भाजलं!’ असा निरोप जातो. मिरचीतलं तिखट द्रव्य नेमकं हेच दार उघडतं. थंडगार मिरची, पण निरोप जातो निखाऱ्याचा. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांनी हे दार शोधलं आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळालं. पक्ष्यांचं हे दार मिरचीला दाद देत नाही. म्हणून पोपट लालभडक मिरची मजेत खातो आणि मिरची खाणारे कितीतरी पक्षी तिच्या बिया रानभर पसरवतात. तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात आणि दह्यातल्या स्निग्धात विरघळतं. हात जळले तर आधी तेल चोळून मग साबणानं धुवायचे, ते यासाठीच.

आता काट्याकडे येऊ. दुसऱ्या दिवशी तळवा सुजतो. जखमेपाशी जमलेली रसायनं हे दार सैल करून ठेवतात. मग कोमट पाणीही चटका देतं आणि चादर घासली तरी कळ येते. मेरुरज्जूही कान टवकारून बसतो. हे मुद्दाम असतं, म्हणजे तुम्ही त्या पायाला जपावं आणि जखम भरू द्यावी. जखम भरली की आवाज खाली यायला हवा. काही माणसांच्या बाबतीत तो खाली येत नाही. जखम जाते, दुखणं राहतं. अशी माणसं ढोंग करत नसतात. त्यांचं फाटक उघडं अडकलेलं असतं.

मण्यार: न दुखणारा धोका

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. जास्त दुखलं म्हणजे धोका मोठा आणि दुखलं नाही म्हणजे धोका नाही, असं मुळीच नाही.

लाल मुंगी कडाडून चावते, आपण उड्या मारतो, थोड्या वेळानं विसरतो. मण्यार मात्र रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते तेव्हा पुष्कळदा त्याला जागही येत नाही. तिचे दात बारीक. सूज नाही, आग नाही. पण तिचं विष चेतातंतू आणि स्नायू जिथे भेटतात त्या जोडावर जाऊन बसतं. निरोप निघतो, पण स्नायूला मिळत नाही. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू थकू लागतात. म्हणून मण्यार चावल्याची नुसती शंका आली, तरी ‘दुखत तर नाही’ म्हणून थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. आणि झोपायचं खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून.

जिथून अर्जच येत नाही

आता आपण वरोऱ्याजवळ आलो. हे आनंदवन.

खूप वर्षांपूर्वी वरोऱ्यात, पावसात, रस्त्याच्या कडेला तुळशीराम नावाचा एक माणूस पडलेला होता. अंगभर जखमा. त्याला कुष्ठरोग झाला होता. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, त्याला बघून आधी भीतीनं पळाले. मग त्यांना त्या भीतीचीच चीड आली आणि ते परत फिरले. त्यांनी त्याची सेवा केली, कोलकात्याला जाऊन या रोगाचं शिक्षण घेतलं आणि १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. १९५१ मध्ये बाबा, साधनाताई, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्यावर खडकाळ माळरानावर आनंदवन सुरू झालं.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. हा जंतू अतिशय संथ. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात. त्याला थंड जागा आवडते, म्हणून तो हातापायांत कातडीजवळून जाणाऱ्या चेतातंतूंवर मुक्काम ठोकतो. हळूहळू रस्ता उखडतो आणि निरोपच बंद होतात.

दुखत नाही म्हणजे मजाच, असं वाटलं ना? मग ही गोष्ट ऐका. पॉल ब्रँड नावाचे डॉक्टर होते. बाबांचा जन्म १९१४ चा, यांचाही १९१४ चा, तोही आपल्याच देशात, तमिळनाडूच्या डोंगरात. १९४६ पासून ते वेल्लोरला काम करत होते. एकदा एक गंजलेलं कुलूप त्यांना काही केल्या उघडेना. कुष्ठरोग झालेल्या एका मुलानं किल्ली घेतली आणि फिरवून दाखवली. एवढी ताकद? ब्रँड चकित झाले. मग त्यांनी पाहिलं, तर मुलाच्या बोटातून रक्त गळत होतं. किल्लीनं बोट हाडापर्यंत कापलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. तुम्हीआम्ही कळ आली की थांबतो. त्याला थांबवणारं कोणी नव्हतं.

तेव्हा लोकांना वाटायचं की या रोगात बोटं आपोआप गळून पडतात. ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं झडतात ती न कळलेल्या चटक्यांनी, न कळलेल्या फोडांनी, पिकत राहिलेल्या जखमांनी. डोळ्यांचंही तसंच. आपण दिवसातून हजारो वेळा पापण्या मिटतो, तेही न ठरवता. त्यांचा तंतू बिघडला तर डोळा उघडा राहतो, कोरडा पडतो आणि नजर जाऊ शकते.

ब्रँड यांनी मग कृत्रिम दुखणं बनवायचा प्रयत्न केला. हातमोज्यात यंत्रं बसवली. जास्त दाब पडला की भोंगा वाजायचा. पण काम अर्धवट असलं की माणसं भोंग्याकडे दुर्लक्ष करायची किंवा तो बंदच करून टाकायची. भोंगा बंद करता येतो, कळ बंद करता येत नाही. तेच तिचं सामर्थ्य.

म्हणून मला आनंदवनातल्या माणसांचं फार अप्रूप वाटतं. फोड आलेला ज्या हातांना कळत नव्हता, त्या हातांनी तिथे खडक फोडून विहिरी खोदल्या, शेतं फुलवली, कापड विणलं. आणि बाबांची गोष्ट उलटी होती. त्यांच्या पाठीचे मणके इतके झिजले होते की त्यांना बसताच येत नसे. उभं राहायचं नाहीतर आडवं पडायचं. तशा पाठीनं ते १९८५-८६ मध्ये ‘भारत जोडो’साठी कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत गेले. एकाच अंगणात दुखणं हरवलेली माणसं होती आणि दुखणं ज्याला सोडत नव्हतं असा माणूसही होता.

निरोप हरवले, तर माणूस काय करतो? डोळ्यांना कामाला लावतो. बधिर पायांच्या माणसाला हे शिकवलं जातं: रोज संध्याकाळी पाय पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं, तळवा उजेडात धरून काटा, फोड, चीर काही आहे का ते बघायचं. मऊ रबराच्या चपला घालायच्या. पापण्या ठरवून मिटायच्या. मेरुरज्जू आपल्यासाठी जे फुकटात करतो, ते ही माणसं रोज आठवणीनं करतात.

आज कुष्ठरोग सहा महिने किंवा एक वर्ष गोळ्या घेऊन पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा रोग अजून आहे, म्हणून आशाताई घरोघर येऊन चट्टे बघतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असला की त्या डोळे मिटायला सांगतात, कापसानं हळूच शिवतात आणि विचारतात, “कुठे लागलं, दाखव.” दाखवता आलं नाही, तर घाबरायचं नाही, लपवायचंही नाही. दवाखान्यात जायचं. रस्ता उखडायच्या आधी औषध सुरू झालं, तर रस्ता वाचतो.

करून बघा

१. खाटेवर पाय लोंबकळत सोडून बसा. मित्राला गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली तळहाताच्या कडेनं हलकेच मारायला सांगा. पाय उडेल. आता दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात बाहेर ओढा आणि ओढत असतानाच मित्राला पुन्हा मारू द्या. पाय आधीपेक्षा जोरात उडतो! हंगेरीच्या येन्ड्रासिक या डॉक्टरांनी १८८५ मध्ये ही युक्ती सांगितली. हातांत जोर लावायला मेंदूनं दिलेली हाक पायाचा कारभार बघणाऱ्या मेरुरज्जूच्या भागापर्यंतही पोचते.

२. मुठीत बर्फाचा छोटा खडा धरा. अर्धा मिनिट नुसते त्याच्याकडे बघा. मग हात पुसून गरम होऊ द्या आणि पुन्हा अर्धा मिनिट धरा, पण या वेळी सतराचा पाढा उलटा म्हणा. कधी जास्त झोंबलं?

आणि शेवटी

तुमच्या वर्गात कदाचित सिकलसेल असलेलं कोणी असेल. आपल्या भागात हा आजार बऱ्याच जणांना असतो. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं, पाठ, पोट असह्य दुखतं. बाहेरून बघाल तर ना काटा, ना रक्त, ना सूज. मग कोणीतरी म्हणतं, “काही होत नाही तुला, नाटक करते.”

पण आता तुम्हाला माहीत आहे. दुखण्याचा ठराव डोक्यातल्या ग्रामसभेत होतो आणि दुसऱ्याच्या ग्रामसभेत आपल्याला बसता येत नाही. त्यानं किंवा तिनं ‘दुखतंय’ म्हटलं की तोच पुरावा. पाणी द्या, बाईंना बोलवा, शेजारी बसा. शेजारी बसणंही मेरुरज्जूपर्यंत पोचतं, हे आपण आजीच्या फुंकरीत पाहिलंच.

आज संध्याकाळी पाय धुवायला बसलात की तळव्यावरची ती जागा शोधा. काटा निघून गेला आहे, एक बारीक ठिपका उरला आहे. त्यावर अंगठ्यानं जरा दाबा.

दुखलं? बरं झालं. रस्ता चालू आहे.